झडपेला लाख, सुईला खडकू नाही

आरोग्याच्या प्रश्नावर आपल्या बाजूने जी निवेदने दिली जातात, त्यांतील पहिली मागणी बहुधा ठरलेली असते : गोरगरिबांच्या मुलांसाठी हृदयशस्त्रक्रियेची अद्ययावत आणि मोफत सोय झाली पाहिजे. मागणी न्याय्य आहे. तिच्याविरुद्ध एक अक्षर लिहिण्याचा माझा हेतू नाही. परंतु ती पहिली मागणी असावी काय, याविषयी मात्र मला कामठीच्या कार्यकर्त्यांशी, आणि त्यांच्या निमित्ताने सर्वांशीच, स्पष्ट बोलावयाचे आहे. कामठीसारख्या श्रमिकांच्या दाट वस्त्यांमध्ये मुलांच्या हृदयाला जो आजार ग्रासतो, त्या आजारात शस्त्रक्रिया हा शेवटचा अंक असतो. आधीचे सारे अंक घरात, शाळेत आणि सरकारी दवाखान्याच्या बाकावर घडतात. तेथे शासन रंगमंचावर येतच नाही. येते ते शेवटच्या अंकात, आणि तेही विम्याचे कार्ड हातात घेऊन.

हा आजार म्हणजे संधिज्वर. डॉक्टर मंडळी त्यास ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. त्याची चाल फसवी आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, दोन दिवस ताप येतो, आई हळद-मिठाच्या गुळण्या करविते, ताप उतरतो. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा ताप चढतो आणि गुडघा सुजतो. गुडघा सुटतो न सुटतो तोच घोटा धरतो, मग मनगट, मग कोपर. शेजारीपाजारी त्याला वाढीचे दुखणे म्हणतात आणि तेल चोळावयास सांगतात. काही मुलांचे हातपाय आपोआप हलू लागतात, हातातील पेन्सिल गळून पडते, आणि मास्तर त्याला चुकारपणा समजून छडी उगारतात. काही आठवड्यांत सांधे पूर्ववत होतात, आणि घात होतो तो तेथेच. कारण सांध्यांवरून निघून गेलेला हा रोग हृदयाच्या झडपांवर मात्र ठाण मांडून बसू शकतो. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढण्यासाठी शरीराने उभे केलेले सैन्य स्वतःच्याच शरीरावर उलटते, असा त्याचा खुलासा वैद्यकशास्त्र करते. नव्या घसादुखीबरोबर हा हल्ला पुन्हा होऊ शकतो आणि दर हल्ल्यागणिक झडप अधिक जाड, अधिक आखूड, अधिक चिकट होत जाते. दहाव्या वर्षी गुडघा धरून बसलेली मुलगी विसाव्या वर्षी पाण्याची घागर उचलताना धापा टाकू लागते.

घसा कोणाचा दुखत नाही? बंगल्यातल्या मुलाचाही दुखतो. पण हा जंतू एकाच्या श्वासातून दुसऱ्याच्या घशात जातो, आणि एका खोलीत सात माणसे निजत असतील तर त्याला फार प्रवास करावा लागत नाही. म्हणूनच पेनिसिलीनचा वापर सुरू होण्याच्या पुष्कळ आधी, केवळ घरे सुधारली आणि माणसे सुटसुटीत राहू लागली एवढ्याने, डेन्मार्कसारख्या देशात संधिज्वर ओसरू लागला होता. कामठीकरांना हे पटविण्यासाठी डेन्मार्कपर्यंत जाण्याचेही कारण नाही. कन्हानच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली येथे छावणी वसविली. हिंदुस्थानात गोरा सोल्जर शत्रूच्या गोळीपेक्षा रोगानेच अधिक मरतो हे पुढे त्यांच्या ध्यानात आले. १८५९ साली शाही आयोग नेमला गेला, १८६३ साली त्याचा अहवाल आला, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने त्यासाठी अपार श्रम घेतले, आणि बरॅकीत दर सोल्जरमागे किती घनफूट हवा असावी हे सरकारी कागदावर उतरले. छावणीच्या बाहेर, उत्तरेकडून येऊन वसलेल्या विणकरांच्या घरात मात्र जेथे माग तेथेच चूल आणि तेथेच अंथरूण. त्यांची हवा कोणी मोजली नाही. विडी वळणाऱ्यांच्या खोल्यांचीही नाही. साम्राज्याला सोल्जर हवा होता म्हणून त्याच्या फुप्फुसांचा हिशेब ठेवला गेला. आणि ज्यांच्या श्रमाला मोल नव्हते त्यांच्या श्वासालाही नव्हते. स्वराज्य आले, छावणीतील मोकळी मैदाने आणि उंच छपरे तशीच राहिली, आणि गावाची दाटी तेवढी वाढली.

या रोगावरचा उपायही अखेर लष्करानेच शोधावा, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील फ्रान्सिस वॉरन तळावर, बरॅकीत दाटीने राहणाऱ्या जवानांमध्ये या घसादुखीची साथ वारंवार येत असे. तेथे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९५० साली प्रसिद्ध झाले : घसा दुखू लागल्यावर वेळेत पेनिसिलीन दिले तर संधिज्वर टळतो. पुढे नऊ दिवसांची मुदत त्यासाठी पुरेशी मानली गेली. त्याच दशकात बेन्झाथिन पेनिसिलीन आले, ज्याची एक सुई शरीरात तीन आठवडे पुरते. ज्याला एकदा संधिज्वर झाला आहे, त्याला दर एकवीस दिवसांनी ही सुई टोचली की पुढचा हल्ला आणि झडपेची पुढची नासाडी बव्हंशी रोखता येते. लहान मुलाला सहा लाख युनिट, सत्तावीस किलोवरील मुलाला बारा लाख. हृदयाला इजा झाली असेल तर किमान दहा वर्षे किंवा पंचविशीपर्यंत, झडप फारच बिघडली असेल तर त्याहूनही पुढे. या रोगावर लस अद्याप नाही. सत्तर वर्षांपूर्वीची ही सुई हेच आजही मुख्य शस्त्र आहे, आणि तिची किंमत काही दहा रुपयांच्या घरात आहे.

मग अडते कोठे? अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेले असल्यामुळे मला या प्रश्नाचे उत्तर सुईच्या किमतीत शोधावेसे वाटत नाही. ते विड्यांच्या संख्येत शोधावे लागते. दिवसाला हजार विड्या वळणारी एक बाई घ्या. मुलीला सुई द्यावयाची तर तिने सकाळी घर सोडावयाचे, नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात चिठ्ठीची रांग, तपासणीची रांग, औषधाची रांग लावावयाची आणि दिवेलागणीला परतावयाचे. वर्षात असे सतरा दिवस येतात. म्हणजे वर्षाला सतरा हजार विड्या वळल्या गेल्या नाहीत, अधिक दोघींचे भाडे, अधिक मुलीची सतरा दिवसांची शाळा. दहा वर्षांत अशा सुया होतात सुमारे पावणेदोनशे. सुई फुकट असली तरी तिच्यापायी बाईने भरलेली किंमत ही अशी आहे, आणि ती कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. त्यातून औषधाच्या खिडकीवर ‘आज आले नाही, पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकावे लागले, की एकवीस दिवसांचे अठ्ठावीस होतात, अठ्ठावीसाचे चाळीस, आणि मग मुलगी बरी दिसते आहे तर कशाला, असे म्हणून सारेच थांबते. तज्ज्ञ त्याला ‘रुग्णाचा निष्काळजीपणा’ म्हणतात. ज्या व्यवस्थेत काळजी घेणे हे एका रोजाच्या मजुरीने विकत घ्यावे लागते, तेथे निष्काळजीपणाचा आरोप कोणावर ठेवावयाचा?

आणि ही सुई द्यावयास नागपूर गाठण्याची मुळात आवश्यकताच नाही! निदान तज्ज्ञाने करावे, इकोची तपासणी मोठ्या रुग्णालयात व्हावी, हे मान्य. परंतु त्यानंतरची प्रत्येक सुई कामठीच्या उपजिल्हा रुग्णालयात, किंबहुना प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, परिचारिकेच्या हातून देता येण्याजोगी आहे. पंधरा-सोळा किलोमीटरचे हे अंतर रस्त्याचे नसून धोरणाचे आहे. १९४६ च्या भोर समितीने आरोग्यसेवा लोकांच्या दाराशी नेण्याचा आराखडा मांडला होता, आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये असे बजावले होते. कामठीचे सुपुत्र आणि ‘जयभीम’ या अभिवादनाचे प्रवर्तक म्हणून ओळखले जाणारे बाबू हरदास यांनी येथील विडी कामगारांना ठेकेदारांच्या पिळवणुकीविरुद्ध संघटित केले, १९३७ साली ते विधिमंडळात निवडून गेले, आणि १९३९ साली, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, क्षयाने गेले. क्षय आणि संधिज्वर यांचे जंतू निराळे, पण दोघांनाही दाट वस्तीच मानवते. विडी कामगारांसाठी १९७६ साली कायद्याने उपकर बसविला गेला, त्यातून कल्याण निधी उभा राहिला, दवाखाने निघाले. २०१७ साली वस्तू आणि सेवा कराबरोबर तो उपकर रद्द झाला. विडीवरचा कर राहिला. विडी वळणारीसाठी राखून ठेवलेला वाटा तेवढा गेला.

याउलट झडपेचे पाहा. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांतून जीवनदायी योजना सुरू झाली, २०१३ मध्ये ती सर्वत्र गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. या योजनेत चिकटलेली झडप फुग्याने उघडण्याचा खर्च मिळतो, नवी झडप बसविण्याचा खर्च मिळतो. शस्त्रक्रियेने अनेकांचे प्राण वाचले आहेत, हे मी नाकारीत नाही. पण योजनेचे तर्कशास्त्र ध्यानात घ्या. ती रुग्णालयात दाखल झालेल्या देहासाठी, ठरलेल्या दराच्या ‘पॅकेज’साठी पैसे मोजते. झडप खराब होऊ नये म्हणून दहा वर्षे बाह्यरुग्ण विभागात टोचल्या जाणाऱ्या सुईसाठी या हिशेबात रकाना नाही. कारण त्या सुईतून कोणत्याही खाजगी रुग्णालयाला बिल करता येत नाही. रोग टळला तर कोणाचाच दावा मंजूर होत नाही. रोग बळावला की लाखाची उलाढाल होते. ज्या व्यवस्थेत नफा शेवटच्या अंकात आहे, ती पहिल्या अंकात पडदा पाडील कशाला?

शिवाय नवी झडप म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे. धातूची झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर, आणि तिचे प्रमाण ठरविण्यासाठी रक्ताची तपासणी वरचेवर. गोळी कमी पडली तर झडपेवर गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. मुलगी असेल तर गरोदरपण हे तिच्यासाठी आणि पोटातील बाळासाठीही संकट. येथे आपल्या समाजाचाही हिशेब मांडला पाहिजे, सगळे खापर शासनावर फोडून चालणार नाही. मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की दर एकवीस दिवसांची सुई घरातून गुपचूप बंद होते. सासरी कळू नये म्हणून दवाखान्याचा कागद ट्रंकेच्या तळाशी जातो. अरुंद झालेल्या झडपेला गरोदरपणी वाढलेल्या रक्ताचा लोंढा पेलत नाही, आणि जे लपविले ते बाळंतपणात उघडे पडते. सर्वच जातिधर्मांच्या घरांत हे घडते. आपल्या महिला आघाडीने हुंड्याविरुद्ध जसे बोलावे तसेच याविरुद्धही बोलावे.

डॉक्टरांचीही एक भीती आहे. पेनिसिलीनची तीव्र प्रतिक्रिया येऊन रुग्ण दगावेल, आणि जमाव दवाखाना फोडील. अशी प्रतिक्रिया विरळा असते, पण असते, आणि एकट्यादुकट्या खाजगी डॉक्टरने ती जोखीम पत्करू नये हे मी समजू शकतो. मात्र म्हणूनच हे काम सरकारी रुग्णालयाचे ठरते, जेथे चाचणी, अॅड्रेनलिन, प्राणवायू आणि चार माणसे हाताशी असावयास हवीत. भीतीपोटी सुई नाकारून मुलाला गोळ्यांवर ठेवणे, किंवा नुसतेच ‘नागपूरला जा’ असे लिहून देणे, हा सावधपणा नव्हे.

आता त्या सुईच्या जन्माची कथा. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. औषधनिर्मितीतील सार्वजनिक क्षेत्राचा तो पहिला कारखाना. युनिसेफने यंत्रसामग्रीसाठी आणि जागतिक आरोग्य संघटनेने तंत्रासाठी साहाय्य केले. परदेशी कंपन्यांच्या दारात न जाता गरीब देशाने स्वतःचे औषध स्वतः करावे, हा त्यामागील विचार होता. १९९० नंतर आयातीची दारे उघडली, चीनमधून स्वस्त पेनिसिलीन येऊ लागले, आणि देशातील ते आंबविणारे कारखाने एकामागून एक थंडावले. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने पिंपरीच्या कंपनीची जादा जमीन विकून देणी भागवावी आणि कंपनीही विक्रीला काढावी असे ठरविले. इकडे बेन्झाथिन पेनिसिलीनचा कच्चा माल जगात बोटांवर मोजण्याइतक्या, मुख्यतः चिनी, कारखान्यांच्या हाती राहिला. त्यात पैसा थोडा, म्हणून करणारे थोडे; आणि मागील दशकात अनेक देशांना त्याचा तुटवडा सोसावा लागला. मग २०२० साली सरकार जागे झाले आणि मूलद्रव्यांच्या देशी उत्पादनासाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आली. तिच्या यादीत पेनिसिलीन-जी आहेच. आपल्या पैशाने उभारलेला कारखाना आधी मोडावयाचा, आणि तेच औषध करण्यासाठी नंतर आपल्याच पैशाने खाजगी भांडवलाला अनुदान द्यावयाचे, याला आत्मनिर्भरता म्हणतात!

काही सुशिक्षित मित्र म्हणतात की हा आजार आता इतिहासजमा होत आहे, वाढत्या उत्पन्नाबरोबर तो आपोआप जाईल. कमी झाला आहे हे खरे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सत्तरीच्या दशकातील पाहणीत शाळकरी मुलांत त्याचे प्रमाण ठिकठिकाणी हजारी १.८ ते ११ होते, पुढच्या दशकात ते उतरलेले दिसले. परंतु हरियाणातील बल्लभगडच्या शाळांतून पाच ते पंधरा वर्षांची सहा हजारांहून अधिक मुले तपासली गेली, आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की नळी लावून तपासल्यावर हजारात एकालाही पुरता आजार सापडत नव्हता. इको यंत्राने पाहिल्यावर मात्र हजारी वीस मुलांच्या झडपांत दोष दिसला. या साऱ्याच मुलांचा आजार पुढे बळावेल असे नाही. तथापि जे मोजले जात नाही ते नाहीसे झाले असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांतून फिरतात, आणि त्यांच्या यादीत या हृदयरोगाचे नाव छापलेलेही आहे. पण पथकाच्या हाती नळी आहे, इको नाही.

मुलांच्या सांध्यांचे सगळेच दुखणे संधिज्वर नव्हे, हेही कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. अन्यथा आपण एका चुकीच्या जागी दुसरी चूक बसवू. एखाद्या मुलाचा सांधा सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेला राहतो, सकाळी उठताना तो आखडलेला असतो. हा बालसंधिवात. त्यात पेनिसिलीनचा काही उपयोग नाही. निराळी औषधे लागतात आणि डोळ्यांच्या आतील सूज वेळेत शोधण्यासाठी नेत्रतपासणी लागते, नाहीतर दृष्टी जाते. तरीही रक्तातील एका चाचणीचा आकडा चढलेला दिसला म्हणून अशा मुलांना वर्षानुवर्षे पेनिसिलीन टोचले जाण्याचे प्रकार घडतात. येथे खरोखर तज्ज्ञ हवा. इंग्लंडमध्ये टॅप्लो येथे, कॅनडाच्या रेडक्रॉसने युद्धकाळात बांधलेल्या रुग्णालयात, १९४७ साली मुलांच्या संधिरोगांचा खास विभाग निघाला. एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा ॲन्सेल यांनी तो नावारूपाला आणला. तेथे मुले महिनोन्महिने राहत, खाटेवरच शाळा भरे. प्रारंभी खाटा संधिज्वराच्या मुलांनी भरलेल्या असत; घरे सुधारली, पेनिसिलीन सर्वांना मिळू लागले, तसा तो आजार मागे हटला आणि विभागाला आपली शक्ती बालसंधिवाताकडे वळविता आली. म्हणजे तेथे तज्ज्ञांचे रुग्णालय सार्वजनिक आरोग्यसेवेच्या खांद्यावर उभे राहिले. आपण पाया न घालता कळस मागत आहोत. नागपुरात १९४७ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, मेयो आहे, अतिविशेषोपचार रुग्णालय आहे, आता एम्स आहे. कामठीच्या मुलापासून हे सारे तासाभराच्या अंतरावर आहे, आणि त्याची सुई मात्र चुकतेच आहे.

क्यूबाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. पिनार देल रिओ या प्रांतात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षे त्यांनी निराळे असे काहीच केले नाही : घसादुखीकडे लक्ष दिले, शिक्षकांना आणि पालकांना शिकविले, रुग्णांची नोंदवही ठेवली आणि कोणाची सुई चुकली तर माणूस घरी पाठविला. दहा वर्षांत शाळकरी मुलांतील या हृदयरोगाचे प्रमाण सुमारे एक दशांशावर आले. नोंदवही ही वस्तू काही आयात करावी लागत नाही. २०१८ साली जागतिक आरोग्य सभेने या आजारावर ठरावही केला आहे. आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. मुदत संपली आहे. अडीच टक्के गाठले गेलेले नाहीत.

तेव्हा कामठी शाखेने पुढील निवेदनात शस्त्रक्रियेची मागणी खुशाल ठेवावी, पण ती शेवटी. पहिली मागणी ही असावी की उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातील एक ठरलेला वार सुईचा वार म्हणून जाहीर व्हावा, तोही संध्याकाळपर्यंत, म्हणजे रोज बुडणार नाही. बेन्झाथिन पेनिसिलीनचा निदान तीन महिन्यांचा साठा तेथे असल्याचे फलकावर लिहिले जावे. मुलांची नोंदवही ठेवली जावी आणि सुई चुकलेल्या घरी आशा कार्यकर्तीला त्या कामाचा मोबदला देऊन पाठविले जावे. शाळातपासणीच्या पथकाला वर्षातून काही दिवस तरी इको यंत्र मिळावे. निवेदन देऊन फोटो काढून परत येऊ नये. शेवटचा साठा केव्हा आला आणि केव्हा संपला, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. आणि उत्तर येईपर्यंत आपल्या तरुणांनी स्वस्थ न बसता बुनकर कॉलनीपासून आरंभ करून विडी कामगारांच्या मोहल्ल्यांपर्यंत घरोघर जावे, कोणाच्या मुलाचे सांधे तापाबरोबर सुजले होते, कोणाची सुई मध्येच बंद झाली, एवढेच दोन प्रश्न विचारावे, आणि यादी वहीत लिहून घ्यावी. लग्न ठरलेल्या मुलींची नावे मात्र महिला कार्यकर्त्यांनीच, घरच्यांना विश्वासात घेऊन, निराळ्या वहीत लिहावी.